गाडीची शीळ

हुरडा आला की माझी भूक मरते. सोलापूरच्या माणसानं असं बोललं तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण माझं तसंच झालंय. जानेवारीत अक्कलकोट रस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागतात, मंडईच्या तोंडाशी बायका हिरव्या कणसांच्या जुड्या मांडून बसतात, दुपार कलली की कुठून तरी गोवऱ्यांचा धूर येतो, आणि माझे कान अंगणाकडं लागतात. अंगणात अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, निळी पद्मिनी गाडी उभी आहे. दोन जुन्या चादरी जोडून मीच तिला खोळ शिवली आहे. गाडी बंद असते, ऐकण्यासारखं काही नसतं. तरी कान जातातच.

या गाडीला एके काळी शीळ होती. रस्त्यावर धावताना काही कळायचं नाही. पण कोपऱ्यावर म्हैस आडवी आली म्हणून अप्पांनी गाडी थांबवली, किंवा दारात येऊन उभी केली, की बॉनेटखालून बारीक, किंचित कापरी शीळ यायची. एखादं पोर नव्यानं शीळ घालायला शिकतं तेव्हा कसं, हवा जास्त आणि आवाज कमी, तशी. अव्वा, म्हणजे आमची आई, स्वयंपाकघरात असायची. शीळ कानावर पडली की ती तवा ठेवायची आणि म्हणायची, "बंतु नोड." आली बघ. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली, कुठला घास कुठल्या भाषेतला हे कुणी बघत नसे. अव्वाचं "बंतु" म्हणजे अप्पा आले, भाकरी थापायची वेळ झाली, आणि पोरांनो आता दंगा बंद करा, असं सगळंच असायचं.

अप्पांचा सुताचा धंदा होता. मागवाल्यांना सूत पुरवायचं, आणि त्यापायी दुधनीपर्यंत फिरणं. कधी मला बरोबर न्यायचे. पुढचं सीट अखंड, बाकासारखं. त्यावर अप्पा, मधे सुताच्या नमुन्यांची पिशवी आणि खिडकीशी मी. गाडीत पेट्रोलचा आणि नव्या सुताचा मिळून एक वास असायचा, तो मला पुढं कुठंच भेटला नाही. रेल्वेचं फाटक लागलं की अप्पा गाडी थांबवायचे. गिअर काढलेला, हात मांडीवर, पण उजवा पाय मात्र ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकलेला. दाबायचा, सोडायचा. पुन्हा जरासा दाबायचा. शीळ सुरू असायची आणि त्या शिळेच्या तालावर तो पाय चाले. पाय काढला तर इंजिन धापा टाकून बंद पडे. एकदा आमच्या काकांनी लग्नाला म्हणून गाडी नेली, ती चौकाचौकात बंद पडली, आणि सुटाबुटातले काका ढकलत ढकलत घेऊन आले. अप्पांना इतकं बरं वाटलेलं मी क्वचित पाहिलं. "तिला माजाच पाय लागतोय," म्हणाले. अव्वा आतून म्हणाली, "मग झोपताना उशालाच घ्या की तिला."

आम्ही सगळे त्या शिळेला गाडीचा आवाज समजत होतो. कुणाचा घोगरा असतो, कुणाचा किनरा असतो, तसा हिचा. तो बिघाड आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढं अप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला, गाडी शेडमध्ये गेली, टायर बसले, मांजरीनं मागच्या सीटवर पिल्लं घातली. अव्वा गेली. मी शाळेत शिकवत राहिले, लग्नाच्या फंदात पडले नाही, आणि अप्पांच्या घरातच म्हातारी होत आले. आणि मग अप्पांना विसरण्याचा आजार जडला. आधी अव्वा गेल्याचं विसरले. रोज विचारायचे, आणि रोज सांगितलं की रोज नव्यानं रडायचे, म्हणून मी सांगणं सोडलं, "मैंदर्गीला गेलीया" म्हणू लागले. नंतर ते अव्वालाच विसरले. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुटले. आणि लगेच असं वाटल्याची लाज वाटली. मला ते बरे दिवस असले की "शारदव्वा" म्हणायचे. नसले की "अहो बाई".

माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच सुमाराला निवृत्त होऊन कुर्डुवाडीहून घरी आला. त्याची सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात गेली. जुन्या गाड्यांचे ब्रेक नळ्यांतली हवा काढून घेऊन चालायचे. डब्याडब्यांतून गेलेल्या नळीत कुठं बारीकशी फट पडली, हवा आत शिरली, की ब्रेक चाकांना आवळून बसायचे आणि अख्खी आगगाडी अडायची. ती फट हुडकायची आणि बुजवायची, हे अण्णाचं काम. त्या कामानं त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे बारीक आवाजांना कान निकामी झाले, कारखान्यातल्या ठोकाठोकीनं. आणि दुसरं, कुठंही हवा सूंऽ करून शिरताना दिसली की याचं डोकं उठतं. आमच्या घरातली एक खिडकी त्यानं आल्या आल्या अशी बंद केली आहे की ती आजतागायत उघडलेली नाही.

अण्णानं गाडी शेडमधून काढली आणि दुरुस्तीला लावली. बोहारणीनं जुनी लुगडी बघावीत तशी त्यानं भंगाराची दुकानं पालथी घातली. इंजिन रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये उघडलं गेलं, पत्रा ठोकून सरळ झाला, रंग तोच निळा मिळाला, सीटवर नवं रेक्झिन चढलं. त्यात दोन हुरडे गेले. थंडी पडायच्या सुमाराला गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली. मी तांदूळ-पाणी ओवाळून टाकलं. अप्पांना उचलून खिडकीशी बसवलं. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "पावनं आल्यात. च्या टाका."

रात्रीच्या जेवणात भाकरी मोडता मोडता अण्णा म्हणाला, "ह्या हुरड्याला अप्पाला हिच्यातनं शेताला न्यायचं."

"भाड्याची गाडी सांगू की," मी म्हटलं. "आरामात नेऊ."

"भाड्याच्या गाडीतनं दवाखान्याला लई येळा नेलं. एकदा त्येंच्याच गाडीतनं नेऊ. आत बसल्यावर कळंल त्येंना. आपली हाय म्हणून कळंल."

त्याला एवढंच हवं होतं. अप्पांना मुलं ओळखू येवोत न येवोत, एकदा गाडी ओळखू यावी. आणि तेही लवकर, कारण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ते आता फार दिवस बसू शकणार नाहीत. शिवाय हुरडा हे मुळात घाईचं प्रकरण. दाणा चिकानं भरला की तो सुरू होतो आणि चीक घट्ट झाला की संपतो. मग ती नुसती ज्वारी. मैंदर्गीचं आमचं शेत करणारे मल्लप्पा फोनवर सारखे म्हणत होते, "या की अण्णा, दाना थांबतुय व्हय तुमच्यासाटी?"

आणि गाडी तर उभी राहीना. म्हणजे पळायची छान. पण थांबली की इंजिनचा आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि मग बंद. सकाळच्या गारठ्यात तर जास्तच. रशीदभाई म्हणाले कार्बोरेटर. खोलला, धुतला, बसवला. पुन्हा तेच. पुन्हा धुतला. शेवटी ते म्हणाले, "अण्णा, अब ये बीमारी नईं, इसका मिजाज है. जाने दो ना."

अण्णा मान हलवून म्हणाला, "हवा घेतीया कुटंतरी."

आता अण्णाला जाऊ दे म्हणणं म्हणजे मांजराला दूध दाखवून जप कर म्हणणं. त्यानं मला समजावलं. इंजिन श्वास घेतं तो कार्बोरेटरमधून, पेट्रोलबरोबर मापून. मधे कुठं फट असेल तर चोरवाटेनं बिनमापाची हवा शिरते, पेट्रोल पातळ होतं आणि जीव कासावीस होतो. ही चोरवाट डोळ्यांना दिसत नाही, कारण आतलं बाहेर सांडत नाही, बाहेरचं आत जातं. तेल गळलं तर खाली डाग पडतो. हवा शिरली तर काय पडणार? धूर कुठं ओढला जातो ते बघायला त्यानं देवघरातली उदबत्ती आणली, तेव्हा रशीदभाई अंगणाच्या फाटकापासून ओरडत आले, "पेट्रोल के मुँ पे अगरबत्ती? तुमको हुरडा खाने का है के हमको भूनने का है?" उदबत्ती परत देवाकडं गेली.

मग राहिला कान. गॅसची जुनी रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं टोक इंजिनवरून हळूहळू फिरवायचं. फट जिथं असेल तिथं नळीत सूंऽ ऐकू येतं. अण्णाचे कान गेलेले, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. वर्गाच्या शेवटच्या बाकावरची कुजबूज पकडण्यात माझं आयुष्य गेलेलं, माझे कान घरात सगळ्यांत तिखट. पण आमच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना आहे. दिवसभर खट्याक खट्याक, आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते बाहेरगावी गेल्यावर कळतं. त्यामुळं मागांची आठवड्याची सुट्टी येईपर्यंत थांबायचं, आणि त्या दिवशी सकाळी अंगण मोकळं झालं की गाडी चालू करून मी वाकायची.

त्या सकाळी माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतात. हिवाळ्याचं कोवळं ऊन, गरम होणाऱ्या इंजिनचा वास, अण्णाच्या हातात पाना, आणि मी डॉक्टरासारखी नळी लावून उभी. शेजारच्या पद्मक्कांनी गच्चीवरून विचारलं, "शारदाबाई, काय म्हणतीया गाडी?" मी म्हटलं, "तुमचंच विचारतीया." खूप दिवसांनी त्या घरात हसू आलं होतं. पहिली फट कार्बोरेटरच्या बुडाशी सापडली. अण्णानं पुठ्ठ्याचा नवा तुकडा कापून बसवला. पुढच्या सुट्टीला एका बारक्या रबरी नळीला पडलेली चीर सापडली. दर वेळी गाडी जराशी सुधारायची. आणि एक फट बुजली की दुसरीचा आवाज जास्त स्पष्ट व्हायचा.

मी वाकलेली असताना समोर अप्पांची खिडकी असायची. खाट, भिंत, आणि पांघरुणाबाहेर आलेला त्यांचा उजवा पाय. गाडी चालू असली की तो पाय हलायचा. पंजा पुढं झुकायचा, मागं यायचा. मला ते बघवत नसे. डॉक्टर म्हणालेच होते की अंगाला कंप सुटेल. मी मोजे घातले, तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली. अण्णाला म्हटलं, "आता पायावर आलंय रे." तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "म्हनूनच घाई करायची."

तिसऱ्या फटीचा आवाज मला नळीतून आला आणि मी हसलेच. सूंऽ नव्हताच तो. बारीक, किंचित कापरा. शीळ होती. इतकी वर्षं शेडमध्ये पडून, इंजिन उघडून, बंद होऊन, ती तिथंच होती. मी नळी अण्णाच्या कानाला लावली, पण त्याला काय ऐकू येणार? मग मीच तोंडानं घालून दाखवली. म्हटलं, "अण्णा, बंतु नोड." त्याचे डोळे भरून आले. आणि त्यानं पाना उचलला.

इंजिनच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, एक भोक होतं. कधी काळी तिथं एखादी नळी असावी. त्यात कुणीतरी लाकडाची बारकी खुंटी ठोकली होती. रंगवाल्यानं तिच्यावरूनच चंदेरी हात फिरवला होता, म्हणून ती दुरुस्तीत कुणाला दिसली नाही. अण्णानं ती पिळून काढली. खुंटीला सूत गुंडाळलेलं होतं. तेलानं काळं झालेलं, पण आतल्या वेढ्यात अजून लाल. आम्ही दोघं बघतच राहिलो. सुताच्या व्यापाऱ्याशिवाय इंजिनला सूत कोण गुंडाळणार? कुठंतरी रस्त्यात नळी तुटली असेल, अप्पांनी बाभळीची काडी तासली असेल, नमुन्याच्या पिशवीतला धागा घेतला असेल. तेवढ्यापुरतं म्हणून केलं आणि ते आमच्या बालपणाला पुरलं.

अण्णानं त्या भोकात पितळी बोल्ट पिळला, खाली तांब्याची चकती. गाडी चालू केली, पाय काढला. इंजिन एका लयीत, शांत चालत राहिलं. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी जेमतेम थरथरत होतं. सगळी नोकरी गळत्या बुजवण्यात घालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आनंद असतो तो मी त्या दिवशी पाहिला. मी खिडकीकडं बघितलं. अप्पांचा पाय निवांत होता. पंजा हलत नव्हता. मला वाटलं, चला, आज दिवसच चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी निघालो. अप्पांना पुढं अण्णाशेजारी बसवलं, पाठीशी उशा, गुडघ्यावर चादर. मी मागं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू उभा, वर पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. अप्पा बाहेर बघत होते. अण्णा त्यांच्याकडं बघत होता, समोर कमी आणि त्यांच्याकडं जास्त, मला दोनदा ओरडावं लागलं. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. गाडी थांबली. इंजिनचा आवाज येतोय की नाही असा. अण्णानं मुद्दाम पाय काढून आखडून घेतला, मला आरशातून खुणावलं. मी मान डोलावली.

अप्पा म्हणाले, "लई झ्याक गाडी हाय तुमची. नवी घेतली काय?"

"न्हाय अप्पा," अण्णा म्हणाला. "जुनी हाय. तुमचीच हाय की."

अप्पा सभ्यपणे हसले. परक्या माणसाच्या थट्टेला हसतात तसं. "आमची कुटली. आमची बी हुती, निळीच. पर ती शीळ घालायची. उबी ऱ्हायली की पाय ठिवावा लागायचा असा, न्हायतर रुसायची." आणि चादरीखाली त्यांनी उजवा पंजा पुढं झुकवून दाखवला. दाबला, सोडला. पुन्हा जरासा दाबला.

फाटक उघडलं, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, आणि अण्णाला गिअर सापडेना. मी मागं बसून ते पाऊल बघत होते. कंप नव्हताच तो कधी. गाडी अंगणात चालू व्हायची आणि अप्पा खाटेवरून चालवत होते. फाटकाशी उभी आहे, रुसेल, पाय ठेवायला हवा. त्यांच्या आत शिल्लक राहिलेली एकच वाट होती ती, आणि ती माझ्याच कानांनी शोधून अण्णाच्या हातांनी बुजवली होती. यात चूक कुणाची म्हणावी? आम्हाला गाडी बरी करायची होती. ती बरी झाली होती.

शेतात मल्लप्पांनी आगटी पेटवून ठेवली होती. गूळभेंडी ज्वारीची कणसं, शेंगाचटणी, दही, गूळ. मी गरम कणीस चोळून दाणे अप्पांच्या तळहातावर ठेवले. ते एकेक दाणा उचलून खात होते. "गोड हाय," म्हणाले. मग मला विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" मी सांगितलं, "सुताच्या अप्पांची." ते म्हणाले, "असं? त्ये वळकीचं हायत आमच्या." खाऊन झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. पुढ्यात गाडी उभी होती, तिला ओलांडून पलीकडं बघत होते.

"चला की अप्पा, गाडीत बसू," मल्लप्पा म्हणाले.

"थांबा जरा. आमची गाडी येनार हाय."

अण्णा उठला. त्यानं बॉनेट उघडलं आणि पितळी बोल्ट काढला. जुनी खुंटी त्याच्या अवजारांच्या डब्यात होती, पण हातात घेताच सुताचा भुगा झाला आणि लाकूड उभं चिरलं. मग त्यानं बांधावरची बाभळीची काडी तासली. अप्पांच्या गुडघ्यावरच्या चादरीच्या कडेचा एक लाल धागा मी दातानं तोडून दिला. त्यानं वेढे दिले, खुंटी बसवली, गाडी चालू केली. फुसऽ असा आवाज आला. खुंटी काढून वेढे वाढवले, आवाजच बंद झाला. कमी केले, इंजिन बंद पडलं. आयुष्यभर ज्या हातांनी फटी बुजवल्या त्यांना एक फट जशीच्या तशी ठेवता येईना. दर वेळी तो मान वर करून आधी माझ्याकडं बघे, मी मान हलवी, मग आम्ही दोघं अप्पांच्या पायाकडं बघू. ऊन उतरेपर्यंत असं चाललं. पाय हलला नाही. आगटी विझली तेव्हा अप्पा म्हणाले, "आज येत न्हाय वाटतं," आणि परक्याच्या गाडीतून घरी आले.

ज्वारीच्या काढणीआधीच अप्पा गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून. बसवताना अण्णानं डावा पाय दुमडला. उजवं पाऊल हातात घेऊन मात्र तो तसाच थांबला. विधी सांगणाऱ्या स्वामींनी दोनदा सांगितलं तरी त्याला ते दुमडवेना. शेवटी मी त्याचा हात सोडवला.

लोक मला म्हणतात, आनंदात गेले, हुरडा खाऊन गेले. खाऊन गेले हे खरं आहे. मी कुणाला गाडीचं सांगत बसत नाही. कधी स्वतःलाच समजावते की त्यांना तसंही काय कळत होतं. पण मग तो पंजा आठवतो, इतक्या नेमकेपणानं झुकणारा, आणि माझं समजावणं तिथंच संपतं. माणसाचं सगळं जातं तेव्हा काय मागं राहतं हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. नाव राहत नाही, लेकरं राहत नाहीत. एखाद्या बिघाडाशी जमवून घेण्याची सवय राहते. आणि घरातली माणसं पाना घेऊन नेमकी तिच्याच मागं लागतात.

आता मागांची सुट्टी आली की सकाळी अण्णा खोळ काढतो. पलीकडचे निम्मे माग कधीच भंगारात गेले, तसं थांबायची गरज उरलेली नाही, पण त्याला तोच दिवस लागतो. त्याच्या डब्यात खुंट्या साठल्या आहेत, बाभळीच्या, लिंबाच्या, सागाच्या. लाल सुताचं रीळ आहे. एक वेढा कमी, एक जास्त, सैल, घट्ट, तेल लावून, कोरडं. जन्मभर गळती थांबवणारा माझा भाऊ आता गळती घडवत बसतो. मी नळी कानाला लावून उभी राहते आणि सांगते, "न्हाय अण्णा, ही न्हाय." गाडी बंद पडते. खुंटी बदलते. रशीदभाई अंगणाच्या फाटकातून बघतात आणि पुढं जातात.

काल यंदाचा पहिला हुरडा मल्लप्पांनी पाठवला. पिशवी तशीच ओट्यावर होती. अण्णानं नवी खुंटी बसवली, गाडी चालू केली, आणि नळीतून एक आवाज आला. बारीक होता. किंचित कापराही होता. मी डोळे मिटले. फाटक आठवून बघितलं, अव्वाचा तवा आठवून बघितला, अप्पांचा मांडीवरचा हात. इतक्या खुंट्यांचे इतके आवाज कानात साठलेत की त्यांतला आमचा कुठला ते वेगळं निघेना.

"हीच का गं?" अण्णानं विचारलं. त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

नळी कानाला तशीच धरून मी म्हटलं, "आनखी एक वेढा दे."